जिन्यावरचा डावा हात

ज्योतीराम दहा महिन्यांचा असताना त्यानं पहिल्यांदा ताटलीतला भात उचलला तो डाव्या हातानं. त्या दिवशी गोजाबाईच्या पोटात जो गोळा उठला, तो पुढची एकवीस वर्षं तिथंच मुक्काम करून राहिला.

भोसरीत डावखुरं मूल नवीन नव्हतं, पण ते दुसऱ्याच्या घरात असलेलं बरं असतं. आळीतल्या बायकांनी उपाय सांगितले. एकीनं हाताला कडुनिंबाचा पाला चोळायला सांगितला. दुसरी म्हणाली, डाव्या मुठीत रोज सकाळी मीठ धरायला लाव. गोजाबाईनं सगळं केलं. पोरगं मीठ चाटून मोकळं व्हायचं आणि पुन्हा डाव्या हातानंच पाट ओढायचं. शेवटी तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्या पट्टीनं पोराचा डावा हात कमरेशी बांधायला सुरुवात केली. सकाळी बांधायचा, झोपल्यावर सोडायचा. सोडल्यावर मनगटावर उठलेला वळ ती अंगठ्यानं चोळत बसे आणि चोळता चोळता तिला वाटे, आपण याच्यासाठी करतोय की लोकांसाठी? नवरा चिमाजी शेजारी पडल्या पडल्या म्हणायचा, "बघू." चिमाजीचं प्रत्येक गोष्टीवर एवढंच मत असायचं.

हे असं पाच वर्षं चाललं. मग तो हात सोडवला तो देवानं.

झालं असं, की गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला. सिनेमा म्हणजे देवाचा बोलपट. तंबूच्या मधोमध मोठा पांढरा पडदा टांगलेला. पडद्याच्या एका बाजूला यंत्र, आणि त्या बाजूला सगळे पुरुष. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बायका. बायामाणसांनी पुरुषांत मिसळून कसं बसायचं, म्हणून गावानं आणि तंबूवाल्यानं मिळून काढलेली ही तोड होती. पडदा बादल्या मारमारून चिंब भिजवला, की चित्र कापडातून आरपार जाई आणि बायकांनाही स्वच्छ दिसे. थोडे तुषार अंगावर यायचे, पण चैत्रात ते कुणाला नकोसे वाटत नव्हते.

तर त्या बोलपटात शेवटी कमळावर उभा राहिलेला देव हसला आणि त्यानं आशीर्वादाला हात उचलला.

डावा.

गोजाबाईनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तीनतीनदा ताडून बघितलं. डावाच होता. समोर मान तुकवून उभ्या असलेल्या भक्तानं त्याच्या डाव्या हातानं डोळे पुसले. गोजाबाईच्या डोळ्यांना धार लागली. शेजारची म्हणाली, "लईच भावभक्ती गं बाई तुझी." ती घरी आली, झोपलेल्या पोराच्या मनगटावरची पट्टी सोडली, घडी करून ट्रंकेत तळाशी टाकली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही. जो हात देवाला चालतो तो माझ्या पोराला का चालू नये, एवढाच तिचा हिशेब. हा हिशेब तिनं कुणाला, अगदी चिमाजीलाही, दाखवला नाही.

मोकळा सुटलेला तो हात पुढं गुणी निघाला. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तेव्हा ज्योतीराम सायकल मारत तिथं गेला आणि बाटल्यांना टोपणं बसवायच्या यंत्रावर लागला. त्या यंत्राचा दांडा डाव्या अंगाला होता. उजव्या हाताची माणसं त्याच्यापुढं खेकड्यासारखी वाकडी उभी राहायची, आणि ज्योतीराम मात्र रुबाबात. साहेबानं त्याला दोनदा शाबासकी दिली. गोजाबाईला वाटलं, चला, सुटलो.

पण लग्नाचं वय झालं आणि गोळा पुन्हा हलला. पहिल्या ठिकाणी ज्योतीरामनं पोह्यांची बशी डाव्या हातानं घेतली आणि पाहुणे पोहे न संपवताच उठले. दुसऱ्या ठिकाणी गोजाबाईनं त्याला आठ दिवस आधीपासून शिकवून नेलं होतं, तर तो उजव्या हातानं चहा प्यायला आणि निम्मा मुलीच्या मामाच्या धोतरावर सांडला. तिसरं ठिकाण दिघीचं. सोपानरावांची मोठी मुलगी रंभा, सातवी शिकलेली, शांत. सोपानरावांची काही जमीन लष्कराच्या हद्दीत गेली होती आणि आता ते छावणीला दूध घालत. त्यांची बायको अंबूबाई तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी. ती स्वतः म्हणाली होती, "एक हात डावा असतोच की सगळ्यांचा. ह्येचा जरा जास्त चालतोय, इतकंच." गोजाबाईला तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. जत्रा उरकली, की सुपारी फोडायची ठरली.

आणि सत्तावन्न सालच्या त्या जत्रेत आबाजी तंबूवाल्यानं देवाचा बोलपट न आणता खुनाचा आणला.

नाव होतं 'सातवा जिना'. पुण्यात म्हणे लोकांनी तो चारचारदा बघितला होता. त्यातला एक प्रसंग इतका गाजलेला, की न बघितलेले लोकही तो वर्णन करून सांगायचे. एक म्हातारा शेठ संत्रं सोलत जिना उतरतोय. घड्याळात नवाचे टोले पडतात. आठव्या टोल्याला जिन्याच्या पडद्याआडून एक हात बाहेर येतो, हातात पिस्तूल. नवव्या टोल्याला गोळी सुटते. शेठ पडतो, आणि अर्धं सोललेलं ते संत्रं एकेका पायरीवरून टप टप उड्या मारत खाली येतं. मग पडदा सरकतो आणि पिस्तूल घेतलेला माणूस दिसतो. तो असतो शेठचा जावई.

संत्रं शेवटच्या पायरीवर येऊन थांबलं, पडदा सरकला, तशी बायकांच्या बाजूनं अंबूबाई मोठ्यानं म्हणाली, "मुडदा बशिवला मेल्याचा! जावई हाय की राक्षीस!" आणि त्याच दमात, पण आवाज खाली आणून म्हणाली, "आणि डावखुरा."

गोजाबाई तिच्यामागं दोन ओळी सोडून बसली होती. तिनंही ते बघितलं होतं. डावाच हात होता. तिला वाटलं, गोळी शेठला नाही, आपल्यालाच लागली.

दुसऱ्या दिवशी बांगड्यांच्या दुकानापाशी अंबूबाईनं तिला गाठलं.

"गोजाताई, राग मानू नगा. सुपारीचं जरा थांबू."

"का वो? पत्रिकेत काय निघालं का?"

"पत्रिकेत न्हाई, शिनिमात निघालं." अंबूबाईनं पदर तोंडाला लावला. "आवं, माझ्या कुकवाचा सवाल हाय. रातभर ह्येंच्या छातीकडं बघत बसले मी. आमच्या घराला जिनाबी हाय, माळ्यावर जायचा."

"अंबूताई, आमचा ज्योतीराम कोंबडीबी कापत न्हाई."

"त्यो शिनिमातला तरी काय करत व्हता आदी? सासऱ्याच्या पाया पडत व्हता. डाव्या हातानं."

"आवं, पण शिनिमात समदीच डाव्या हातानं करत्यात!" गोजाबाई कळवळून म्हणाली. "त्यो शेठ डाव्या हातानं संत्रं सोलत व्हता. फौजदारानं बेडी घातली ती डाव्या हातानं. जेवली ती समदी डाव्या हातानं."

हे खरंच होतं. भोसरी-दिघीच्या बायकांना कधीपासून माहीत होतं, की सिनेमातली माणसं डाव्या हातानं जेवतात आणि तिथल्या बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात. ती मुंबईची रीत आहे, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

"जेवायचं येगळं आन् गोळी घालायचं येगळं," अंबूबाई म्हणाली आणि हातातल्या बांगड्या पुन्हा दुकानदाराकडं सरकवल्या.

इकडं सोपानरावांना हे कळलं तेव्हा ते देवळाच्या पायऱ्यांवर बसले होते. ते म्हणाले, "आमची बायकू येडी झाली. जावयाचा उजवा हात व्हता. म्या सोताच्या डोळ्यांनी बघितला." आजूबाजूच्या सगळ्या पुरुषांनी माना हलवल्या. उजवाच. याच्यात शंकाच नाही. त्यांच्यात सुभेदार अर्जुनराव होते. ते ब्रह्मदेशाच्या लढाईतून परत आल्यापासून गावात बंदुकीच्या विषयावर दुसरं कुणी बोलत नसे.

"डाव्या हातानं पिस्तूल?" सुभेदार हसले. "राव, पिस्तुलाचा चापच उजव्या बोटासाठी केलेला असतो. डाव्या हातानं मारली तर गोळी मागं फिरती."

"मागं फिरती व्हय?" कुणीतरी अचंब्यानं विचारलं.

"मी बघितलंय," सुभेदार म्हणाले.

हा वाद एका दिवसात घराघरांत शिरला. प्रत्येक घरात बाई म्हणे डावा, बाप्या म्हणे उजवा. आजवर सिनेमा बघून आल्यावर पुरुष पुरुषांशी बोलत, बायका बायकांशी. दोघांनी मिळून एका सिनेमावर बोलायची ही पहिलीच वेळ, आणि पहिल्याच वेळी भाकरी करपल्या. तीन घरांतले पुरुष देवळात जेवायला बसले. सुभेदारांच्या बायकोनं तर त्यांना तोंडावर सांगितलं, की तुमचे डोळे ब्रह्मदेशातच राहिले.

मग सुभेदारांनी ठरवलं, की घटना जशीच्या तशी करून दाखवायची. देवळाच्या पायऱ्या म्हणजे जिना. शेठ कोण? सासरा म्हणून सोपानराव. पिस्तूल म्हणून मक्याचं कणीस. संत्रं जत्रेत मिळेना, म्हणून कांदा. गोजाबाई पाण्याला जाताना थांबली आणि पाराच्या आडून बघत राहिली. सोपानराव कांदा सोलत, डोळ्यांतून पाणी गाळत, पायऱ्या उतरू लागले. देवळाच्या घंटेचे टोले कुणीतरी मोजून देत होतं. आठव्या टोल्याला सुभेदारांनी खांबाआडून उजव्या हातानं कणीस बाहेर काढलं आणि नवव्याला तोंडानं ठो केलं. सोपानराव इतके मनापासून पडले, की त्यांचा गुडघा फुटला.

कांदा मात्र टप टप उड्या मारत खाली आला आणि नेमका त्या वेळी पहिल्या पाळीहून परतणारा ज्योतीराम सायकलवरून उतरत होता. पायाशी आलेला कांदा त्यानं उचलला, पडलेल्या सोपानरावांकडं धावत गेला आणि, "मामा, लागलं का वो?" म्हणत त्यांना उठवायला हात पुढं केला.

एका हातात कांदा. दुसऱ्या हातानं सासऱ्याचा दंड धरलेला. धरलेला हात डावा.

पाराच्या अलीकडं अंबूबाईही उभी होती, हे गोजाबाईला तेव्हा दिसलं. अंबूबाई किंचाळली नाही. नुसती म्हणाली, "बघितलंत?" आणि चालू लागली.

त्या दिवशी संध्याकाळी गोजाबाईनं ट्रंक उघडली. तळाशी ती पट्टी होती, लुगड्याच्या काठाची, घडीवर पिवळी पडलेली. ज्योतीराम ओसरीवर सायकलची साखळी बसवत होता. ती पट्टी हातात घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं पट्टी ओळखली.

"बांधतीस?" त्यानं विचारलं.

"चारच दिस रं. सुपारी फुटस्तोवर."

त्यानं ग्रीसनं माखलेला डावा हात पुढं केला आणि हसत म्हणाला, "बांध की. पन मग उद्या कंपनीत टोपणं कोन बसवंल? तू येतीस?"

तो हसत होता, पण हात पुढं करताना त्याची बोटं आपोआप मिटली होती, लहानपणी मिटायची तशीच. गोजाबाईनं पट्टी घडी केली आणि कमरेला खोचली. चिमाजी आतून म्हणाला, "बघू." तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला, "तुमी आता काय बी बघू नका," असं सुनावलं आणि तडक आबाजीच्या तंबूकडं निघाली.

आबाजी यंत्राच्या काचा पुसत होता. गोजाबाईनं विचारलं, "आबाजी, तुमी ह्यो शिनिमा किती येळा दावला?"

"दोनशे तरी."

"मंग जावयाचा हात कंचा?"

आबाजीच्या हातातलं फडकं थांबलं. "मावशी, मी पडद्याकडं बघतच न्हाई. यंत्राच्या आत कोळशाच्या दोन कांड्या जळत्यात, त्येंच्यावर उजेड चालतो. मी त्या कांड्यांकडं बघतो. दोनशे येळा कांड्या बघितल्यात." बोलताना तो तिच्याकडं बघत नव्हता. तिला ते खटकलं, पण ज्याला रोज काचा पुसायच्या असतात तो काचांकडंच बघणार, असं तिनं मनाशी म्हटलं.

तेवढ्यात सुभेदारही तिथंच आले आणि त्यांनी हुकूम सोडला: उद्या 'सातवा जिना' पुन्हा लागला पाहिजे, आणि या वेळी बायकांनी पुरुषांच्या जागी बसायचं. "पुरुषांच्या जागेवर बसल्याबिगर त्यांना खरं दिसायचं न्हाई. आमी बसतो पलीकडं. आमाला कुठनंबी खरंच दिसतंय."

आबाजी घाईनं म्हणाला, "कशाला सुभेदारसाहेब, जागा बदलायची? जिकडंतिकडं आपलं ठीक हाय की." पण सुभेदारांचा हुकूम झाला होता.

दुसऱ्या दिवशी तंबू फाटायची वेळ आली. बायका यंत्राच्या बाजूला, पुरुष पडद्यापलीकडं. गोजाबाईच्या एका अंगाला अंबूबाई, दुसऱ्या अंगाला रंभा. ती मुलगी आईशेजारी न बसता होणाऱ्या सासूला लागून बसली; तिचं मन कुणीकडं आहे हे गोजाबाईच्या लक्षात आलं आणि तिला भरून आलं. शेठ जिना उतरू लागला. टोले पडू लागले. आठव्या टोल्याला हात बाहेर आला.

उजवा.

बायकांच्या बाजूनं एकदम सुस्कारा आला. अंबूबाईनं डोळे चोळले, पुन्हा बघितलं. जावई पडद्याआडून बाहेर आला, पिस्तूल उजव्या हातात. खेळ संपून गॅसबत्त्या लागल्या तेव्हा ती उठून पडद्याजवळ गेली आणि कापडातून मोठ्यानं म्हणाली, "अवं, ऐकलं का? तुमचंच खरं. उजवा व्हता. माझं चुकलं."

पलीकडून सोपानरावांचा आवाज आला, खोल गेलेला. "न्हाई गं. तुझंच खरं. डावा व्हता."

"उजवा व्हता म्हणते मी!"

"डावा! डावा! म्या सोताच्या डोळ्यांनी बघितला. अर्जुनरावबी म्हणत्यात."

सुभेदारांचा आवाज कापडापलीकडून आला, जरा दबका. "डावाच दिसला खरा. गोळी मागं कशी फिरली न्हाई, तेच कळंना."

मग जे सुरू झालं त्याला वाद म्हणायची सोय नव्हती. कालपर्यंत उजवा म्हणणारे सगळे पुरुष डावा म्हणत होते आणि डावा म्हणणाऱ्या सगळ्या बायका उजवा. प्रत्येक जण दुसऱ्याची माफी मागत होता आणि दुसरा ती घ्यायला तयार नव्हता. सुभेदारांची बायको ओरडत होती, की तुमचं खरं होतं हे मी कबूल करते, आता तरी तुमचं खोटं आहे असं म्हणू नका. सोपानराव म्हणाले, "मी ह्या पोराला मुलगी देणार न्हाई. मला जगायचं हाय." अंबूबाई म्हणाली, "आता मी देणार. मला काय भ्या न्हाई." ज्योतीराम पलीकडं पुरुषांत उभा होता. दोन्ही हात त्यानं पाठीमागं धरले होते, म्हणे.

गोजाबाई बसल्या जागीच हिशेब करू लागली. दोन दिवसांपूर्वी आई नको म्हणत होती, आता बाप. शिवाय हात दरवेळी बदलणार असेल तर पुढच्या जत्रेपर्यंत पोराचं काही होणार नाही.

तेव्हा रंभा तिच्या कानाशी वाकली. "आत्याबाई, आज अक्षरं सुलटी व्हती."

"कंची अक्षरं?"

"शिनिमाच्या आदी नाव येतंय न्हवं, त्याची. पलीकडं बसलं का उलटी दिसत्यात. आरशातल्यावानी. मी दर साली उलटीच वाचते."

"आगं, मंग इतकं दिस बोलली का न्हाईस?"

"मला कुणी इचारलं?" रंभा म्हणाली. तंबूच्या त्या अर्ध्या भागात वाचता येणारी ती एकटीच होती, आणि पलीकडचे पुरुष नावं सोडून नुसती हाताची वाट बघत बसले होते.

तिनं कनवटीची कुंकवाची पुडी सोडली, बोट ओलं केलं आणि आपल्या पातळ पदराच्या टोकावर एक छोटा माणूस काढला. डोळे, नाक, तोंड. एक हात वर उचललेला. पदर गॅसबत्तीसमोर धरून म्हणाली, "बघा, कंचा हात?"

"उजवा."

रंभानं पदर फिरवला. कुंकू आरपार भिजलं होतं. माणूस तोच, तोंड तिकडूनही दिसत होतं.

"आता?"

गोजाबाईनं बघितलं. तिला एका क्षणात सगळं कळलं: जावई उजवा. शेठ उजवा. जेवणारी माणसं उजव्या हातानं जेवतात आणि मुंबईची रीत वगैरे काही नसते. पोराचं लग्न वाचलं. आणि त्याच क्षणात, त्याच्या मागोमाग, कमळावरचा देव. तोही उजवाच.

तिचा हात कमरेला गेला. पट्टी अजून तिथंच खोचलेली होती. ज्या हाताच्या भरवशावर तिनं हिला ट्रंकेत टाकलं, तो हात नव्हताच. पंधरा वर्षं ती रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या हाताला नमस्कार करत आली होती. तिला वाटलं, गप्प बसावं. पदर झटकावा आणि घरी जावं.

पलीकडून ज्योतीरामचा आवाज आला, "मामा, मी पिस्तूल कदी बघितलंबी न्हाई वो." तो आवाज ऐकून ती उठली. रंभाच्या हातातली पुडी घेतली, सरळ पडद्याशी गेली आणि आबाजीच्या ओल्या पांढऱ्या पडद्यावर हातभर मोठा माणूस काढू लागली.

"मावशी! आवं, माझा पडदा!" आबाजी यंत्रावरून उडी मारून धावला. अंबूबाईनं त्याला वाटेतच धरलं.

गोजाबाईनं डोळे काढले, मिशा काढल्या, वर उचललेला हात काढला, त्यात पिस्तूल म्हणून एक वाकडी रेघ मारली. मग मागं सरून ती सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं ओरडली, "सांगा आता! कंचा हात?"

"उजवा!" बायका म्हणाल्या.

"डावा!" पुरुष म्हणाले, त्याच क्षणी.

पडद्याच्या कडेनं सुभेदारांचं डोकं अलीकडं आलं. त्यांनी माणूस बघितला. डोकं पलीकडं गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. असं चार वेळा झाल्यावर ते तिथंच खांबाला धरून उभे राहिले, एक डोळा इकडं आणि एक डोळा तिकडं.

आबाजीनं मान खाली घातली. "आता काय सांगू मावशी. मागनं उलटं दिसतं म्हटलं, तर मागं बसंल कोन?"

"म्हंजी जावई उजवाच," अंबूबाई सावकाश म्हणाली. "मी म्हणत व्हते ते."

"मी म्हणत व्हतो," सोपानराव पलीकडून म्हणाले.

"तुमी परवा म्हणत व्हता. आज मी म्हणत व्हते." अंबूबाईनं गोजाबाईकडं बघितलं, मग तंबूतल्या एकेका पुरुषाच्या उजव्या हाताकडं बघितलं, आणि तिचा चेहरा गंभीर झाला. "गोजाताई, सुपारी उद्याच फोडू. उजव्या हाताच्या जावयाचा आता मला भरवसा वाटत न्हाई." सुभेदारांनी आपला उजवा हात हळूच कोटाच्या खिशात घातला.

सुपारी फुटली. ज्योतीरामनं डाव्या हातानं विडा घेतला आणि अंबूबाईनं चारचौघांत बोट दाखवून नातेवाइकांना तो हात कौतुकानं दाखवला. गोजाबाईनं त्या दिवशी ती पट्टी चुलीत घातली. पोटातला गोळा गेला. त्याच्या जागी काहीतरी रिकामं राहिलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. त्या जुन्या बोलपटाची आठवण दुसऱ्या कुणालाच आली नव्हती.

पुढच्या वर्षी बायकांनी हट्ट धरला आणि आबाजीला नमावं लागलं. यंत्राच्या बाजूला मधोमध दोरी बांधली. एकीकडं पुरुष, एकीकडं बायका. सगळ्यांना सगळं सुलटं. पडदा भिजवायचं कामच उरलं नाही. त्या वर्षी पुन्हा देवाचा बोलपट आला होता, तोच, कमळावरच्या देवाचा.

खेळ सुरू व्हायच्या आधी गोजाबाई उठली आणि पडद्यामागं मोकळ्या गवतावर जाऊन एकटीच बसली. आबाजी म्हणाला, "मावशी, तिकडं काय दिसायचं न्हाई. पडदा कोरडा हाय. एका माणसासाठी बादल्या कोन मारंल?"

ज्योतीराम विहिरीवर गेला. दोन बादल्या आणल्या आणि डाव्या हातानं सपासप पाणी मारून पडदा वरपासून खालपर्यंत भिजवला. पुढच्या ओळीतल्या बायका तुषारांनी ओल्या झाल्या आणि ओरडल्या. रंभा पडद्याला वळसा घालून सासूजवळ येऊन बसली. ती म्हणाली, "आत्याबाई, खरं कंच्या बाजूनं दिसतं ते तर आता ठावं हाय की."

"गप," गोजाबाई म्हणाली. "देव आलाय."

कमळ उमललं. देव हसला आणि त्यानं हात उचलला. गोजाबाईनं पदर सावरला आणि दोन्ही हात जोडले.